दुर्बिणीचे ऑपरेशन आणि घरी आल्यानंतरचे दिवस

उर्दूत पित्ता म्हणजे शरीरातला अवयव. मराठीत पित्त म्हणजे त्यातला रस. शिवाय घशाशी जळजळले, डोके चढले, अंगावर गांधी उठल्या, तरी आपण ‘पित्त झाले’ असेच म्हणतो. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आमच्या रिसोडच्या घरांत या गोंधळाचा त्रास बहुतेक वेळा बायकांना होतो. उजव्या बरगडीखाली कळ येते, पाठीत किंवा उजव्या खांद्यापर्यंत जाते, तेलकट जेवणानंतर रात्री झोपू देत नाही. अम्मी म्हणते, ‘पित्त वाढलं असेल, जिऱ्याचं पाणी घे.’ मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी येते. अशी वर्ष-दोन वर्षे जातात आणि मग सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसतात.

खडे म्हटले की दुसरा गोंधळ सुरू होतो. शेजारीण सांगते, ‘आमच्यांचा खडा पानफुटीच्या रसाने पडला.’ तो मुतखडा! लघवीच्या वाटेने पडतो तो मूत्रपिंडाकडचा. पित्ताशयाचा लघवीच्या वाटेशी काही संबंध नाही. पित्ताशयातून निसटलेला खडा पित्तनळीत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेतू शकते. नुसते खडे काढून पिशवी तशीच ठेवली तर तिच्यात पुन्हा खडे होतात, म्हणून पिशवीच काढतात. पित्त तयार करते यकृत, रोज अर्धा ते एक लिटर. पित्ताशय त्यातले थोडेसे साठवून ठेवणारी पिशवी आहे. ती नसली तर पित्त थेट आतड्यात उतरते आणि माणूस नीट जेवतो-खातो. काहींना सुरुवातीला जुलाब होतात, थोड्या जणांना ते पुढेही राहतात.

प्रत्येक खडा काढायचा असतो असे मात्र नाही. दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केली, खडे दिसले, पण त्रास कधीच झाला नाही, अशांपैकी बहुतेकांना डॉक्टर थांबायला सांगतात. असे गप्प बसलेले खडे वर्षाला शंभरातल्या एक-दोघांनाच त्रास देऊ लागतात. पण एकदा कळा सुरू झाल्या की ‘पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू’ हे चालत नाही. वारंवार सुजलेले पित्ताशय आजूबाजूला चिकटते आणि तेच ऑपरेशन अवघड होऊन बसते.

पूर्वी बरगडीखाली वीतभर चीर देत. आता बेंबीजवळ आणि वरच्या पोटावर मिळून चार लहान छिद्रे पाडतात, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात आणि कॅमेऱ्याने पडद्यावर बघत पिशवी सोडवतात. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी 1985 साली हे पहिल्यांदा केले. भारतात 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केले. ते दुर्बिणीचे काम 1972 पासून करीत होते. 2023 साली ते वारले. ज्या शस्त्रक्रियेसाठी एके काळी मुंबई गाठावी लागे, ती आज जिल्ह्याच्या गावी होते. बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी येतात आणि आठ-पंधरा दिवसांत कामाला लागतात.

सोय झाली, तशी एक चुकीची समजूतही पसरली. छिद्र लहान, म्हणून ऑपरेशनही लहान! आत मात्र तेच काम होते. पित्ताशयाची नळी आणि यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनळी एकमेकींच्या अगदी जवळ असतात. सूज असेल तर ओळखायला कठीण. चुकून मुख्य नळीला इजा झाली तर पुन्हा मोठे ऑपरेशन, महिनोन्‌महिने दवाखाना. हे हजारात साधारण दोन ते पाच जणांच्या वाट्याला येते, उघड्या ऑपरेशनपेक्षा किंचित जास्त. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सगळे सर्जन ही पद्धत नव्याने शिकत होते, तेव्हा अशा इजा वाढल्या होत्या. पुढे 1995 साली स्ट्रासबर्ग या सर्जननी एक शिस्त मांडली: पिशवीत जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, एक नळी आणि एक धमनी, स्वच्छ मोकळ्या दिसल्याशिवाय काहीही कापायचे नाही. आत काही स्पष्ट दिसत नसेल तर सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून चीर देतात. शंभरात पाचेक जणांबाबत असे होते. नातेवाईक बाहेर कुजबुजतात, ‘डॉक्टरला जमलं नाही वाटतं.’ माझ्या मते अशा वेळी चीर देणारा डॉक्टरच आपला खैरख्वाह.

आणखी एक धोका आपल्याकडे विशेष आढळतो. दुर्बिणीची अवजारे नीट निर्जंतुक झाली नाहीत तर क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले दुसरे जंतू छिद्रात शिरतात. जखम भरून येते आणि तीन-चार आठवड्यांनी तिथे गाठ होऊन पाणी येऊ लागते. साध्या अँटिबायोटिकने ते थांबत नाही. ‘टाक्याची जागा आहे, होतं असं’ म्हणून हळद लावत बसू नये.

आता आमच्या तालुक्याची खरी अडचण. ऑपरेशन वाशिमला, अकोल्याला नाहीतर संभाजीनगरला होते आणि दुसऱ्या दिवशी बाई एसटीने रिसोडला घरी येते. पित्त आत गळत असेल तर ते बहुधा त्यानंतरच्या दिवसांत कळते. तेव्हा जवळ डॉक्टर नसतो, घरची माणसे असतात. खांदा दुखणे ही भरलेल्या वायूची खूण, ती दोन-तीन दिवसांत जाते. बाकी एक साधा हिशोब ठेवावा: पेशंट रोज कालच्यापेक्षा बरा दिसला पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटदुखी वाढली, ताप-थंडी आली, पोट फुगले, उलट्या थांबेनात, डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली, तर सकाळची वाट पाहू नये. सर्जनला फोन लागत नसेल तर ग्रामीण रुग्णालयात जाऊन पहिल्याच वाक्यात सांगावे की अमुक दिवशी पित्ताशय काढले आहे. डिस्चार्ज कार्ड सोबत हवेच. आपल्या बायका तर घर पाहुण्यांनी भरलेले असले की दुखणे सांगतच नाहीत. म्हणून विचारावे दुसऱ्यांनी, दिवसातून दोनदा.

ऑपरेशनपूर्वीही विचारावे. अशी किती केली आहेत? मुख्य नळीत खडा असण्याची शक्यता आहे का? रात्री काही झाले तर कोणता नंबर? संमतीपत्र अनेकदा इंग्रजीत असते आणि नवरा शेवटच्या घटकेला उभ्या-उभ्या सही करतो. ते आदल्या दिवशी मागून घ्यावे आणि कोणाकडून तरी वाचून घ्यावे, खुद्द जिचे पोट आहे तिच्यासमोर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे भरती होण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारावे; रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवावे. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली असेल तर तो रिपोर्ट आठवणीने आणावा. क्वचित त्यात कर्करोग सापडतो.

रमजानचा प्रश्न हमखास येतो. दिवसभराच्या उपवासात पिशवी भरून राहते आणि इफ्तारला समोसा-भजी पोटात गेली की ती जोराने आकुंचन पावते. खडे असलेल्यांना कळ येते ती अशी. त्यांनी खजूर, फळे, साधे जेवण इथवर थांबावे आणि वारंवार कळा येत असतील तर रोज्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला सुटलेले रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहेच. ऑपरेशननंतर सजद्याला वाकताना टाके ओढत असतील तर काही दिवस खुर्चीवर नमाज अदा करावी. पाण्याची कळशी, गव्हाचे पोते आणि नातवाला कडेवर घेणे, हे मात्र डॉक्टर सांगतील तोवर बंद.