जनावरांचे डोळे गळू लागले, तर आधी काय पाहावे?

भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या काठचे उसाचे पट्टे सोडले, तर शिरूर व दौंड तालुक्यांचा बराच भाग अवर्षणप्रवण आहे. या भागात संकरित गाय, संगमनेरी किंवा उस्मानाबादी शेळी आणि दख्खनी मेंढी यांवर अनेक कुटुंबांचा रोजचा खर्च चालतो. अशा घरी एखाद्या शेळीच्या डोळ्यातून पाणी येऊ लागले, तर 'धूळ गेली असेल, जाईल आपोआप' असे म्हणून दोन-चार दिवस काढले जातात. पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु ज्या वेळी ठरत नाही, त्या वेळी हेच दोन-चार दिवस महत्त्वाचे असतात. बुबुळावर जखम होऊन ती चिघळली की फूल पडते, क्वचित डोळा फुटतोही. आंधळी शेळी कळपाबरोबर चरू शकत नाही, कालव्यात किंवा उघड्या विहिरीत पडते, तिचे दूध आटते आणि पाठीमागची करडे उपाशी राहतात.

औषध शोधण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. एकच डोळा गळतो की दोन्ही? एकच जनावर आजारी आहे की कळपातील अनेक? जनावर चारा खाते का, त्याला ताप आहे का? एवढ्यावरून निम्मे निदान गोठ्यातच होते.

एका जनावराचा एकच डोळा अचानक गळू लागला, ते डोळा मिटून घेते व उजेड टाळते, तर डोळ्यात काहीतरी गेले आहे असे प्रथम समजावे. बाजरी व गव्हाच्या मळणीनंतर आणि माळावरचे गवत वाळल्यावर कुसळ जाण्याचे प्रकार वाढतात. गव्हाणीत उंचावर बांधलेल्या पेंढीतून मान वर करून खाणाऱ्या जनावराच्या डोळ्यात भुसा पडतो. उसाच्या वाढ्यांच्या पात्याची धार बुबुळाला कापते. तेव्हा शेळीला भिंतीच्या कोपऱ्यात दोन्ही गुडघ्यांमध्ये धरावे, गाईची मुसकी दुसऱ्या माणसाने पक्की धरावी, आणि भरपूर उजेडात पापण्या हलकेच उलगडून पाहावे. नाकाकडील कोपऱ्यात जनावराला एक तिसरी पापणी असते. कुसळ बहुधा तिच्या मागे दडून बसते आणि वरवर पाहणाऱ्याला दिसत नाही.

एक लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम साधे मीठ विरघळवावे व ते कोमट होऊ द्यावे. या पाण्याची धार नाकाकडून कानाकडे सोडल्यास सुटा कचरा वाहून जातो. कुसळ मोकळे असेल तर ओल्या स्वच्छ कापसाने टिपून घ्यावे. ते बुबुळात रुतले असेल तर मात्र हात लावू नये, ते काम पशुवैद्यकाचे आहे. बांधावरच्या शेराचा किंवा रुईचा चीक डोळ्यात गेला, अथवा फवारणीचे औषध उडाले, तर मिठाचे पाणी तयार होण्याची वाट पाहू नये. हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याने लगेच पंधरा मिनिटे डोळा धुवावा.

आता दुसरी परिस्थिती घ्या. आठवड्याभरात चार-पाच शेळ्यांचे डोळे लाल झाले, पापण्या सुजल्या, चिपडे धरली, बुबुळावर निळसर-पांढरी झाक आली. ही डोळ्यांची साथ होय. शेळ्या-मेंढ्यांत ती मुख्यतः मायकोप्लाझ्मा व क्लॅमिडिया या सूक्ष्म जंतूंमुळे येते. गाईंमध्ये मोराक्सेला बोव्हिस हा जिवाणू कारणीभूत असतो. माश्या, धूळ, कडक ऊन आणि एकाच गव्हाणीत डोक्याला डोके लावून खाणे यांमुळे ती पसरते. यवत किंवा चाकणच्या बाजारातून आणलेली नवी शेळी त्याच संध्याकाळी कळपात सोडणे म्हणजे रोगाला दार उघडून देणे आहे. बरी दिसणारी जनावरेही काही काळ जंतू बाळगून असतात. म्हणून नव्या जनावरांना किमान दोन ते तीन आठवडे वेगळे बांधावे.

आजारी जनावरांना सावलीत, शक्य तर अंधाऱ्या जागी ठेवावे, चारा-पाणी तोंडाजवळ द्यावे. डोळे पुसताना प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस वापरावा आणि तो जाळून टाकावा. निरोगी जनावरांचे काम आधी उरकून मग आजारी जनावरांकडे जावे व हात साबणाने धुवावेत. प्रतिजैविकाचे मलम वा इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. ते दिल्यावर दूध किती दिवस वापरायचे नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

इथे एक धोका मुद्दाम सांगितला पाहिजे. घरात पडून असलेले माणसांचे डोळ्यांचे थेंब जनावराला घालण्याची सवय वाढली आहे. त्यांपैकी काहींत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. डोळ्याची लाली त्याने झपाट्याने उतरते, पण बुबुळावर जखम असेल तर ती भरण्याऐवजी खोल जाते. पशुवैद्यक विशिष्ट रंगाचा थेंब घालून जखम हिरवी चमकते का ते पाहतात आणि मगच औषध ठरवतात. तंबाखू चावून डोळ्यात थुंकणे, मीठ फुंकणे, काचेची पूड घालणे हे जुने उपाय तर सरळ जखमेवर जखम करणारे आहेत.

गाई-म्हशींत आणखी एक कारण आढळते. डोळ्यात एक-दोन सेंटिमीटर लांबीचे, पांढरे, दोऱ्यासारखे जंत वळवळताना दिसतात. याला थेलाझिया म्हणतात. डोळ्यांवर बसणाऱ्या माश्या त्यांची पिले एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. पशुवैद्यक डोळा बधिर करून जंत काढतात व जंतनाशक देतात. शेणाचा उकिरडा गोठ्यापासून दूर नेला तर माश्यांचा त्रास निश्चित कमी होतो.

दोन्ही डोळे कोरडे किंवा पाणावलेले, पण लाली फारशी नाही, आणि दिवेलागणीला जनावर खुंटाला धडकते, असे असेल तर अ जीवनसत्त्वाची कमतरता असावी. हे आपल्या भागातील दुष्काळाचे दुखणे आहे. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटिनपासून जनावर हे जीवनसत्त्व बनवते आणि यकृतात साठवते. तो साठा काही महिने पुरतो. नुसत्या पिवळ्या पडलेल्या कडब्यावर व पांढऱ्या ज्वारीच्या भरड्यावर उन्हाळा काढला की साठा संपतो. गाभण गाय अशा स्थितीत राहिली तर वासरू आंधळे जन्मू शकते, कारण कवटीतून डोळ्याकडे जाणाऱ्या शिरेची वाट अरुंद होते. असे आंधळेपण नंतर औषधाने बरे होत नाही. विहिरीला थोडे जरी पाणी असले, तरी लसूणघासाचा एखादा वाफा राखावा. बांधावरची शेवरी, सुबाभूळ यांचा पालाही उपयोगी पडतो. वासराला पहिला चीक भरपूर पाजावा, त्यात हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात असते.

(विहिरीत सापडलेले कासव मुले हौसेने हौदात ठेवतात व त्याचे डोळे सुजून मिटतात. पाळलेल्या कासवांमध्येही बहुधा अ जीवनसत्त्वाचीच कमतरता असते. परंतु आपल्याकडची कासवे घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. तेव्हा औषध शोधत बसू नये, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.)

पावसाळ्यात पडद्या लावून बंद केलेल्या गोठ्यात सर्वच जनावरांचे डोळे चुरचुरतात. याचे कारण मुताचा वास, म्हणजे अमोनिया. उभे राहून तो जाणवत नाही. जनावराच्या नाकाच्या उंचीवर वाकून श्वास घ्या, तुमचे डोळे झोंबले तर खेळती हवा हवी व खालची जागा कोरडी हवी. कोंबड्यांच्या शेडलाही हेच लागू.

डोळ्यांबरोबर नाकही गळते, ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या पुढे आहे, तोंडात फोड व हगवण आहे, तर डोळे धुण्यात वेळ घालवू नये. शेळ्या-मेंढ्यांत ही पीपीआरची लक्षणे असू शकतात व कळप वाचवायला तासांचा हिशेब लागतो. अंगावर गाठी असलेल्या गाईचे डोळे गळत असतील तर लम्पी त्वचारोगाचा संशय धरावा. २०२२ मध्ये राज्यात त्याची मोठी साथ येऊन गेली आहे. अशा वेळी जनावर वेगळे बांधून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर त्वरित कळवावे. कळप बाजारात किंवा दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेवर न्यायचा बेत असेल, तर तो तपासणी होईपर्यंत थांबवावा.