वाहनपूजेनंतरचे सहा महिने

साडेतीन मुहूर्तांत गुढीपाडव्याचा मान मोठा. या दिवशी घरात जे यावे ते मंगल होऊन यावे, अशी आपली परंपरागत श्रद्धा. पूर्वी या शुभदिनी सोन्याचा एखादा मणी किंवा शेतीचे नवे औत येई. आता मोटारही येऊ लागली आहे. फुलांच्या माळा, कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि पुढ्यात नारळ असा सोहळा यथासांग होतो, पेढे वाटले जातात. त्यापुढे त्या वाहनाबरोबर नांदायचे कसे, याची चर्चा मात्र सहसा होत नाही. आमच्या अंबाजोगाईच्या घरी २०२५ सालच्या विजयादशमीला अशी एक गाडी आली. दसरा ते पाडवा एवढ्या सहवासात जे ध्यानी आले, ते वाहन घेऊ पाहणाऱ्या श्रद्धाळू कुटुंबांपुढे ठेवावेसे वाटते.

या जातीच्या गाडीला बाजारात ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ म्हणतात. जीपसारखी उंच, पण बेताच्या लांबीची. तिचा हा आखूडपणा करांनी घडवलेला आहे. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरांपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या मोटारींना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली आणि कारखानदारांनी उंच गाड्याही त्या मापात बसवण्यास प्रारंभ केला. २०१३ ची इकोस्पोर्ट, २०१६ ची ब्रेझा, पुणे जिल्ह्यातील रांजणगावी तयार होणारी २०१७ ची नेक्सॉन, नाशिकमध्ये बनलेली २०१९ ची एक्सयूव्ही ३०० ही सारी त्याच वंशातली. पुढे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, या मापाच्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्के आणि वर उपकर यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार उडाला होता आणि आमच्या जिल्ह्यातील कित्येकांची उभी पिके पाण्याखाली गेली होती. अशा वेळी दारात नवी गाडी उभी करताना मन थोडे संकोचलेच.

आमच्या मातोश्रींनी वयाची ऐंशी ओलांडली आहे. गुडघ्यांनी गेली सहा-सात वर्षे त्यांचे देवदर्शन जवळजवळ बंद पाडले होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना राज्य परिवहनच्या बसमधून २०२२ पासून मोफत प्रवास करता येतो, परंतु एस.टी.ची पहिली पायरीच त्यांच्या गुडघ्याला झेपत नाही. साध्या लहान मोटारीत पायरीचा प्रश्न नसतो, पण तिथे खाली वाकून खोल आसनात बसावे लागते आणि उतरताना स्वतःला वर उचलावे लागते. या नव्या गाडीचे आसन मात्र बरोबर कमरेच्या उंचीला येते. आधी पाठ गाडीकडे करून टेकायचे, मग पाय एकेक करून आत घ्यायचे, हे तंत्र त्यांना दुसऱ्याच दिवशी साधले. विक्रेत्याने आम्हाला काचेचे छत, पडदा, गाणी असे बरेच काही दाखवले होते. आसनाच्या उंचीबद्दल त्याने अवाक्षर काढले नव्हते. गाडीचे सारे मोल, निदान आमच्या घरापुरते, त्या एका गोष्टीत आहे.

पूजेच्या बाबतीत काही गोष्टी लवकरच बदलाव्या लागल्या. पुढील फळीवर, डाव्या बाजूला, गणरायाची पितळी मूर्ती बसवावी अशी सर्वांची इच्छा होती. परंतु त्याच फळीच्या पोटात हवेची पिशवी घडी करून ठेवलेली असते. अपघाताच्या धक्क्याने ती निमिषार्धात फुगते, तेव्हा झाकणावरची जड वस्तू समोरच्या माणसावर फेकली जाते. म्हणून गणरायांची स्थापना खाली, दोन आसनांमधील कोनाड्यात झाली. मागील कॅमेऱ्यावर सौभाग्यवतींनी श्रद्धेने लावलेले गंध मऊ फडक्याने पुसावे लागले, कारण पडद्यावर मागचा सारा रस्ता लालभडक दिसू लागला होता. लिंबावरून चाक नेण्याचा विधी मोकळ्या मैदानात, वाकबगार चालकाकडूनच व्हावा. २०२५ च्या सप्टेंबरातच दिल्लीतील एका दालनात लिंबावर चाक नेताना गाडी पहिल्या मजल्यावरून काच फोडून खाली कोसळली होती.

खरी कसोटी लागली ती कार्तिकी पौर्णिमेला. मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या दरीत श्रीक्षेत्र कपिलधार आहे. तेथे संत मन्मथस्वामींची समाधी असून या पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. आमच्या घरची पाच माणसे निघण्याच्या तयारीत असताना शेजारच्या आजी हातात पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. एकेकाळी त्या दिंडीबरोबर पायी जात; आता चालणे होत नाही. जीपमध्ये दहा-बारा माणसे बसवून यात्रेला नेणाऱ्या आपल्या मुलखात सहाव्या माणसाला नाही म्हणणे ही रीत नव्हे. पण या गाडीत आसने पाच आणि पट्टे पाचच. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा असा कायदा आहे. पट्ट्यावाचून बसलेले माणूस धक्क्याच्या वेळी पुढच्यावर जाऊन आदळते आणि दोघांच्याही जिवावर बेतते. चिरंजीव आपल्या म्हणण्यावरून हटेनात. मातोश्री चिडल्या. म्हणाल्या, “दारात आलेल्या माणसाला मागे ठेवून देवाला कसं जायचं रे?” दोघांचेही खरे होते. अखेर मी खाली उतरलो, आजी माझ्या जागी बसल्या आणि मी बसस्थानकावर जाऊन केजमार्गे जाणारी एस.टी. धरली. यात्रेच्या गर्दीमुळे मोटारी बऱ्याच अलीकडे थांबवल्या होत्या. दोघी वृद्धा एकमेकींचा हात धरून इतक्या सावकाश आल्या की, समाधीपाशी मीच अगोदर पोहोचलो होतो.

त्या दिवसापासून घरात दंडक झाला. पाचाच्या वर एक झाला, तर घरातलाच एक जण बसने जाईल.

मार्गशीर्षात वेळ अमावास्या आली. आमच्या भागात तिला येळवस म्हणतात. शेतात कडब्याची कोप उभारून पाच पांडवांची पूजा होते आणि आंबील, भज्जी, उंडे यांचे जेवण होते. आंबिलाचा माठ मागच्या कप्प्यात कांबळ्यात गुंडाळून ठेवला आणि शेताच्या वाटेला लागलो. इथे या गाडीचे रूप फसवे ठरते. दिसायला ती जीपची बहीण, पण शक्ती पोहोचते ती केवळ पुढच्या दोन चाकांना. पोटाखाली दोनशेच्या आसपास मिलिमीटर मोकळी जागा असते खरी, परंतु पाच माणसे आणि सामान चढले की मागची बाजू दबते व तीही कमी होते. खाचखळग्यांच्या गाडीवाटेवर तिने काही त्रास दिला नाही. पाणी दिलेल्या हरभऱ्याच्या काळ्या रानात मात्र ती नेली नाही, बांधाशीच थांबवली. तेथून माठ डोक्यावरूनच गेला, आणि ते शोभूनही दिसले.

मधल्या महिन्यांत रात्रीचा प्रवास आम्ही बंद केला. ऊसगाळपाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याने चालतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो, चमकती पट्टी नसते. अंधारात तो काळा डोंगर अगदी जवळ आल्यावरच दिसतो. त्यावर ना उंच आसनाचा इलाज, ना हवेच्या पिशवीचा. ट्रॅक्टर हाकणारा आणि ऊस तोडणारा हाही बहुधा आपल्याच जिल्ह्यातला, घरदार सोडून निघालेला माणूस असतो. तेव्हा नुसता राग धरून भागत नाही.

महाशिवरात्रीला पहाटेच परळीच्या वैजनाथाचे दर्शन घ्यावे, हा मातोश्रींचा फार दिवसांचा मनोदय होता. अंबाजोगाईहून परळी पंचवीसेक किलोमीटर. रात्री तीनला निघाले असते तर सहज पोहोचलो असतो. आम्ही मात्र आदल्या दिवशी उन्हे असतानाच निघून तिथे मुक्काम केला. वाटेत मातोश्रींनी योगेश्वरीची कथा पुन्हा एकवार सांगितली. देवीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता. परंतु लग्नाचा मुहूर्त टळला, वऱ्हाडी मंडळी पाषाण होऊन राहिली आणि देवी कुमारिका रूपानेच अंबाजोगाईत स्थिरावली. आमच्या गावचा प्रत्येक जण ही कथा ऐकत वाढलेला. चिरंजीव म्हणाले, “आजी, मुहूर्त टळला तरी देवी इथंच राहिली ना? मग आपण घाई कशाला करायची?” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पट्टा मात्र न सांगता ओढून घेतला. एरवी पदर चुरगळतो म्हणून त्यांची कुरकुर असे.

वैजनाथाच्या प्रशस्त पायऱ्यांच्या तोंडाशी मोटारीचे कर्तृत्व संपते. त्या पायऱ्या त्यांनी सुनेच्या खांद्याचा आधार घेत, दर चार-पाच पायऱ्यांवर थांबत चढून काढल्या. दर्शन झाले तेव्हा चांगले उजाडले होते.

पाच महिन्यांचा हिशेब म्हणाल तर लांबच्या रस्त्याला लिटरमागे सोळा किलोमीटर आणि गावातल्या गर्दीत अकरा-बारा. जाहिरातीतील आकड्यांहून कमीच. मागचा कप्पा दोन मोठ्या पिशव्या आणि एका माठाने भरतो. चार मीटरांत सारे बसवायचे तर कुठेतरी कात्री लागणारच. मागच्या मधल्या जागेवर बसणाऱ्याने तासाभराने उतरून पाय मोकळे करावेत हे उत्तम. तिथे बहुधा सूनबाई बसतात आणि तक्रार करीत नाहीत, म्हणून इथे नमूद करणे अगत्याचे वाटले.

आता आषाढीला पंढरपूर गाठावे असे मातोश्रींच्या मनात आहे. शेजारच्या आजींनी आतापासूनच बोलून ठेवले आहे, आणि त्यांच्या एक विहीणबाईही येऊ म्हणतात. घरच्या दोघांना बसने जावे लागेल. माझे नाव ठरले आहे. दुसऱ्याचे अद्याप ठरायचे आहे.