संगणकवाला पगारी की बाहेरचा?

लहान उद्योजकांनो, हा प्रश्न केवळ पैशांचा नाही, मालकीचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पगारी नोकराने नोकरीत लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा मालक धंदेवालाच ठरतो. फ्रीलान्सरने लिहिलेले मात्र त्याचेच राहते, पूर्ण पैसे चुकते केले तरी! हक्क घ्यायचे तर त्याच्या सहीचा लेखी करार हवा. त्यात मुदत लिहिली नाही तर हक्क पाचच वर्षे टिकतात. म्हणून आम्ही म्हणतो, वेबसाइट एकदाच करायची असेल तर फ्रीलान्सर घ्या, पण आधी करार करा. बिले, साठा, ग्राहकांची माहिती रोज संगणकावर असेल तर पगारी माणूस नेमा. मात्र त्याला वर्षानुवर्षे राबवून ‘बाहेरचा’ म्हणू नका. कागद दोघांनाही तारतो.