डिपरची रेघ

वढू बुद्रुक महाराष्ट्राला माहीत आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. फाल्गुन अमावास्येला, महाराजांच्या पुण्यतिथीला, इथे लांबलांबच्या गाड्या येतात. एरवी गावाचं येणंजाणं नगर रस्त्याशी जोडलेलं आहे. कोरेगाव भीमा, सणसवाडी आणि शिक्रापूर हा कारखान्यांचा पट्टा जवळच आहे आणि शिक्रापुरात चाकणचा रस्ता येऊन मिळतो. रात्रपाळीच्या बस, कंटेनर, कामावरून परतणाऱ्या मोटरसायकली आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या, सगळं एकाच डांबरावर. अंधार पडला की इथल्या प्रत्येक चालकाच्या दोन तक्रारी असतात: आपल्या गाडीचा उजेड पुरत नाही आणि समोरच्याचा डोळ्यांत घुसतो.

पहिल्या तक्रारीवरचा इलाज लोक घरच्या घरी करतात. पुण्यात नाना पेठेतून किंवा ऑनलाइन बल्ब मागवायचा, बॉनेट उघडायचं, कपलर ओढायचा, तारेची क्लिप सोडवायची, जुना बल्ब काढून नवा बसवायचा. पाच मिनिटांचं काम. पण याच पाच मिनिटांत दुसऱ्या तक्रारीचं बी पेरलं जातं, आणि ते का, हे कळायला हेडलाइटच्या आत डोकवावं लागतं.

भारतातल्या लाखो गाड्यांत एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब असतो. तो 1971 मध्ये युरोपात आला. एकाच काचेत दोन फिलामेंट: अप्परसाठी 60 वॅट, डिपरसाठी 55. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे फक्त वर जाणारा उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावर आपटून रस्त्याकडे खाली वळतो. बल्बच्या टोकाला काळा लेप असतो, म्हणजे फिलामेंटचा उजेड थेट समोर जात नाही. भिंतीवर डिपर पाडून पाहिला तर वर अंधार, खाली उजेड आणि मधे एक स्पष्ट रेघ दिसते. आपण डावीकडून चालतो, म्हणून ही रेघ डाव्या बाजूला तिरकी वर चढते. कडेने चालणारा माणूस आणि साइडपट्टी त्या चढत्या भागात उजळतात. उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, ती आडवीच राहते. हेडलाइट बनवणाऱ्यांचं सगळं कसब या रेघेत आहे.

आता त्याच होल्डरमध्ये स्वस्तातला एलईडी बल्ब बसवला तर काय होतं? रिफ्लेक्टर घडवलेला असतो तो फिलामेंटची जागा धरून. एलईडीची चिप त्या जागेपासून मिलिमीटरभर जरी सरकली, किंवा तिची जाडी जास्त असली, तरी रेघ विस्कटते. उजेड वर उधळतो. चालकाला झाडांचे शेंडे आणि पाट्या लख्ख दिसतात, म्हणून वाटतं की लाइट जबरदस्त झाला. प्रत्यक्षात लांबच्या रस्त्यावर पडणारा उजेड पुष्कळदा कमीच झालेला असतो आणि उरलेला समोरच्याच्या काचेवर जाऊन बसतो. त्यात असे बल्ब बहुतेक 6000 केल्व्हिनच्या आसपासचे, निळसर पांढरे. हॅलोजनचा उजेड 3200 च्या घरातला, पिवळसर. निळसर उजेड डोळ्यांना जास्त टोचतो, आणि पावसात ओलं डांबर त्या उजेडात काळंच राहिल्यासारखं वाटतं, असं रात्रीचे चालक कायम सांगतात.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. एलईडीची उष्णता समोर न जाता मागे जमते, म्हणून बल्बच्या बुडाला पंखा किंवा अॅल्युमिनियमची पाती असतात. ती जागा अडवतात आणि मागचं रबरी झाकण बसत नाही. मग ते कापलं जातं. पहिल्या पावसाळ्यात आत दमटपणा शिरतो, धूळ बसते आणि रिफ्लेक्टरची चकाकी उतरते.

एलईडी येण्याआधी वॅट वाढवण्याची हौस होती. 100/90 चे बल्ब सर्रास मिळत. 55 वॅटचा डिपर 12 व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो, 90 वॅटचा साडेसात. कंपनीची वायरिंग आणि स्विच एवढ्या करंटसाठी नसतातच. होल्डर वितळतो, वायर कडक होऊन तडकते. यातूनच गॅरेजवाल्यांनी रिले बसवायला सुरुवात केली: बॅटरीतून जाड वायर थेट लाइटपर्यंत, मधे फ्यूज, आणि डॅशबोर्डवरचा स्विच फक्त रिले चालवणार. मजा अशी की हाच रिले साध्या 60/55 च्या बल्बलाही फार उपयोगाचा आहे. जुन्या गाडीत गंजलेले जोड आणि बारीक वायर यांत व्होल्ट गळतात, आणि हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या मानाने फार झपाट्याने घसरतो. बल्बपाशी दहा टक्के व्होल्ट कमी पोहोचले तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे बल्ब तोच ठेवून नुसती वायरिंग सुधारली, तरी गेलेला उजेड परत मिळतो, आणि रेघ जागच्या जागी राहते.

घरगुती फेरफारांचा इतिहास यापेक्षा जुना आहे. 1971 च्या युद्धात ब्लॅकआउटच्या काळात गाड्यांच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवत. पुढेही कितीतरी वर्षं ट्रक, एसटी, जीप यांच्या काचेवर काळा पट्टा किंवा मधोमध काळा ठिपका दिसे. हेतू चांगलाच होता, पण वरचा अर्धा भाग रंगवण्यात एक घोटाळा आहे: एच-फोरमध्ये डिपरचा उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्याच भागातून येतो, म्हणजे पट्टा अडवी तो मुख्यतः कामाचा उजेड.

घरी करण्याजोगं सगळ्यात फायद्याचं काम मात्र कमी झगमगाटाचं आहे. आजच्या गाड्यांची पुढची काच खरं तर काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. त्यावर उन्हापासून बचावाचा पातळ थर असतो. गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहिली की तो थर जातो आणि काच पिवळी, धुरकट होते. टूथपेस्ट चोळण्याचा उपाय लोकप्रिय आहे, पण त्याचा परिणाम थोडे दिवस टिकतो. नीट करायचं तर कडेच्या रंगाला मास्किंग टेप लावून आधी 800 किंवा 1000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत फिरवायचा. दुधासारखं पिवळट पाणी सुटतं, तोच जळालेला थर. मग 2000, मग 3000, प्रत्येक वेळी आडवी दिशा बदलून उभी. काच आधी पूर्ण दुधाळ दिसते आणि घासणाऱ्याचा जीव खालीवर होतो. शेवटी पॉलिशने ती पारदर्शक होते. त्यावर यूव्ही अडवणारा क्लिअर कोट मारला नाही, तर काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो. इतकी मेहनत घेऊन ही शेवटची पायरी गाळणं म्हणजे हातचं घालवणं.

त्यानंतर दिशा. लाइटच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वरखाली करणारा, एक डावीउजवीकडे. टायरची हवा बरोबर, जमीन सपाट, चालकाच्या जागी माणूस बसलेला, आणि समोर गोडाऊनची किंवा शेडची सरळ भिंत एवढं पुरतं. डिपरची रेघ दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतरावी, हा ढोबळ हिशेब. लाइट जमिनीपासून 70 सेंटिमीटरवर असेल तर रेघ 70 मीटरवर रस्त्याला टेकते. ताशी 60 च्या वेगात ते अंतर चार सेकंदांत संपतं. रेघ जराशी खाली गेली की दृष्टी तेवढी तोकडी, आणि सपाट ठेवली की ती रस्त्याला कधी टेकतच नाही.

कायद्यातही ही परीक्षा लिहिलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 106 सांगतो की गाडीपुढे 8 मीटरवर, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिव्याने दिपवता कामा नये. टेप घेऊन कोणालाही हे अंगणात तपासता येईल. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलाला मालकाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

हौशी मंडळींची पुढची पायरी म्हणजे प्रोजेक्टर. अख्खा हेडलाइट उतरवून ओव्हनमध्ये किंवा हीट गनने गरम करायचा, चिकट सीलंट मऊ झालं की काच सोडवायची आणि आत लेन्सचा प्रोजेक्टर बसवायचा. नीट जमलं तर रेघ सुरीसारखी धारदार येते, कारण प्रोजेक्टरला स्वतःची आडपट्टी असते. पण परदेशी बाजारासाठी बनलेला प्रोजेक्टर उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा असला, तर त्याची रेघ उजवीकडे चढते, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. युरोपीय मानकाच्या हेडलाइटवर याची खूण असते: काचेकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजवीकडे दाखवणारा बाण दिसला, तर तो दिवा आपल्यासारख्या डाव्या वाहतुकीचा. बुलेट, जुनी जीप, अँबॅसिडर यांच्या सात इंची गोल दिव्यांना एक सोय आहे. त्यांच्यासाठी रिफ्लेक्टर किंवा लेन्ससकट अखंड एलईडी दिवे मिळतात, आणि मान्यताप्राप्त दिवा घेतला तर नुसता बल्ब बदलण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा.

रांजणगावच्या मोटार कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या गाड्यांत आता एलईडी दिवे कारखान्यातूनच बसून येतात. त्यांत बदलायला बल्ब नसतोच. बिघडला की बहुतेक वेळा अख्खा दिवा बदलावा लागतो, तोही महागाचा. पण हॅलोजनच्या अनेक गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला 0 ते 3 आकड्यांचं एक छोटं चाक असतं. मागे माणसं आणि डिकीत पोती भरली की गाडीचं नाक वर उठतं, रेघही वर जाते. चाक 2 वर फिरवलं की ती परत खाली येते. शिरूर-दौंडच्या वाटेवर बाजार भरून निघालेल्या गाड्यांमध्ये ते चाक अजूनही शून्यावरच असतं.