चाळीस गुण कोणाच्या हाती?

आमच्या मुरुडात वाढलेले धोंडो केशव कर्वे १८७५ च्या सुमारास सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले. शंभर मैलांहून जास्त वाट, मध्ये सह्याद्री. तेथे परीक्षा समितीच्या प्रमुखाला हा मुलगा सतरा वर्षांचा वाटेना. परीक्षेला बसूच दिले नाही. वर्ष गेले. पुढे कोल्हापुरातून ते उत्तीर्ण झाले. ब्राह्मणाच्या मुलाची ही तऱ्हा, मग ज्यांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवले जाई त्यांचे काय बोलावे!

परीक्षा म्हणजे शिक्षण नव्हे, हे बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात ठणकावले होते. दर्जाच्या नावाखाली परीक्षा अवघड करून मागासवर्गीयांना विद्यापीठाबाहेर ठेवतात, हा त्यांचा आक्षेप. त्यांचा स्वतःचा जातिसंस्थेवरील गाजलेला निबंध कोलंबिया विद्यापीठात १९१६ साली प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेला. म्हणजे वर्गातलेच काम.

वर्गातल्या कामाला गुण देण्याची पद्धत मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून आणली. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाची. ६० गुण सत्रान्त परीक्षेला, ४० प्राध्यापकांच्या हाती: चाचणी, गृहपाठ, वर्गातला सहभाग, वर्तन. पुढे हे प्रमाण बदलत गेले.

येथेच मला धास्ती वाटते. विद्यापीठाच्या पेपरावर फक्त बैठक क्रमांक असतो. वर्गात आडनाव ठाऊक असते. सहभागाचे माप कोणते? फाडफाड इंग्रजी बोलणारा हुशार आणि मागच्या बाकावरचा गप्प मुलगा मठ्ठ, असे ठरवणारे भेटतात. कोणी सत्राच्या शेवटी एका बैठकीत सगळे रकाने भरून टाकतात. आयुष्य कारकुनीत गेल्यामुळे एकाच शाईत, एकाच दमात भरलेले रकाने मला लांबून ओळखू येतात.

नीट करणारेही आहेत. गुण कशाला मिळणार ते आधी फळ्यावर लिहितात, भरगच्च वर्गाचे पेपर घरी नेऊन तपासतात आणि आठवड्यात परत देतात. पालकांनो, मुलांना नुसते गुण विचारू नका, तपासलेला पेपर दाखवायला सांगा.

आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलीची चाचणी एस.टी. न आल्याने हुकली. सरांनी कारण विचारले आणि पुन्हा घेतली. ४० टक्केसुद्धा पडले नाहीत. पण पेपर घरी आला. बागेत मजुरी करणाऱ्या तिच्या आईला वाचता येत नाही. तिने लाल शाईवर बोट ठेवून विचारले, “हे काय लिवलंय?”

“घसारा धरला नाहीस, ताळेबंद पुन्हा कर, असं.”

“मग कर की.”