कोल्ड्रिंक संपलं? झेला बनवा!

झाडावरून धप्पकन पडलेली कैरी वरून एकदम टकाटक दिसते. पण मार लागलेली जागा आतून काळी पडते आणि पिकत घातली की तिथूनच सडायला लागते. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्याच्याकडे झेला असतो. लांब काठी, टोकाला जाळी आणि देठ कापायला पातं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ तर बागायतदारांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

आपण पडलो फ्लॅटवाले! आमच्या सोसायटीतला रायवळ आंबा पार्किंगवर वाकलाय. बॉनेटला पोचे पडले, तसा मीटिंगमध्ये ‘झाडच काढू’चा सूर लागला. बॉस, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार त्याला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मग दुसरा प्रस्ताव : वॉचमनकाकांना वर चढवा. पन्नाशी उलटलेल्या माणसाला? आपल्या लोणच्यासाठी? मला काही ते पटेना. मी घरातला भंगाराचा डबा उपसला.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, बूड कापून टाका. उघड्या कडेला इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पाडा आणि बाकीच्या कडेवर चिकटपट्टी फिरवा, म्हणजे प्लास्टिक दुमडणार नाही. आत जुना मोजा कोंबा, ही कैरीची गादी. बाटलीच्या तोंडात बांबू घट्ट बसवून दोन स्क्रू मारा. झालं! कैरी बाटलीत घ्यायची, देठ खाचेत अडकवायचा आणि काठी खाली ओढायची.

पिकल्या पेरूला एवढं पुरतं. आंब्याचं प्रकरण वेगळं. देठ फळापाशीच तुटला तर चीक उडतो, सालीवर काळे डाग पडतात आणि आपल्या हातावर आला तर चांगलंच भाजतं. म्हणून खाचेत हॅकसॉच्या तुटक्या पात्याचा तुकडा तारेने पक्का बांधा, आणि फळाला थोडा देठ ठेवूनच कापा. तरीही चीक आलाच, तर देठाची बाजू खाली करून कैऱ्या थोडा वेळ ठेवा आणि मगच धुवा.

जळमटं काढायचा स्टीलचा दांडा छान लांब होतो, मोह होतो. पण झाडाजवळून विजेची तार जात असेल तर तो हातातही घेऊ नका. बांबूही तारेपासून लांबच ठेवा, आणि तारेला टेकलेल्या फांदीवरच्या कैऱ्या खुशाल पोपटांना सोडा.