वकील मिळणे हा उपकार नव्हे

हेदवीहून रत्नागिरीच्या कोर्टात जायचं तर तवसाळला फेरीबोट धरायची, जयगडला उतरायचं, मग पुढचा रस्ता. एक तारीख म्हणजे एक मजुरी बुडाली. अशा घरातली बाई आत गेली, तर वकील कोण बघणार?

पत्रकार शीला बारसे यांनी पोलीस कोठडीत स्त्रियांवर होणाऱ्या अत्याचाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. मुंबईच्या तुरुंगात त्या १५ स्त्रियांशी बोलल्या होत्या. १९८३ मध्ये न्यायालयानं सांगितलं, अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावं. पुढे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ आला. त्याच्या कलम १२ नुसार स्त्री, मूल आणि कोठडीतली व्यक्ती यांना वकील मोफत मिळतो. उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन केला तरी चालतो.

पण वकील ही झाली पहिली पायरी. आपण न्याय म्हणतो तो नुसती परतफेड, की मोडलेलं सांधणं? ज्याचं नुकसान झालं त्याचं ऐकणं, करणाऱ्यानं ते भरून देणं, आणि ज्यांचा दोषच नाही त्यांना सांभाळणं, हे सगळं सांधण्यात येतं.

तुरुंगात आईजवळ सहा वर्षांपर्यंतचं मूल राहू शकतं. ते कैदी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये बजावलं. सहा वर्षं झाली की ते बाहेर येतं, बरेचदा आजीकडे, गावात. तिथे कोर्टाचं काम संपतं आणि आपलं सुरू होतं. शाळेत, अंगणात आपण त्याला त्याच्या नावानं हाक मारतो, की आईच्या गुन्ह्यानं?